ओझेलानं दिलेलं नाव

ओझेला टिब्स होती तोवर अलाबामातल्या त्या गल्लीत प्रत्येकाला दोन नावं असायची. एक आईबापांनी ठेवलेलं, दुसरं ओझेलाच्या हातचं, म्हणजे हाताच्या खुणेचं. ती जन्माची बहिरी, नवरा रूफसही बहिरा. काळ्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत दोघांचं जमलेलं. पाद्रीबाबांचं नाव म्हणजे कपाळावरचा घाम पुसणं, शेजारच्या लूडीचं नाव म्हणजे घसरता मोजा वर ओढणं. लूडीनं नवे मोजे घेतले, तरी नाव काही सुटलं नाही!

पण लेकीचा, व्हर्लीनचा, होणारा नवरा क्लीव्हन दोन वर्षं दर रविवारी जेवायला यायचा आणि त्याला मात्र नाव नाही. ओझेला नुसतं बोट दाखवायची. बहिऱ्यांच्या घरात नाव नाही म्हणजे माणूस उंबऱ्याबाहेरच की हो!

व्हर्लीनला ऐकू यायचं, पण आईशी भांडायची ती हातांच्या खुणांनीच.

"ममा, जूनमध्ये लग्न आहे. कुणाशी झालं म्हणून सांगशील मैत्रिणींना?"

"याच्याशी." पुन्हा बोट.

आईनं नाव दिल्याशिवाय लग्नाला उभं राहायचं नाही, असं व्हर्लीननं मनाशी पक्कं केलं होतं.

मग क्लीव्हन गोऱ्यांच्या कॉलेजात संध्याकाळी हातांची भाषा शिकून आला. रविवारी मोठ्या ऐटीत, छातीपाशी, एकाच हातानं म्हणाला, "कोंबडी फक्कड झालीय." ओझेलाच्या शाळेतलं बोलणं दोन्ही हातांचं, कपाळापासून कमरेपर्यंत. तिनं डोळे बारीक केले.

"पुटपुटतोय काय हा? काय लपवतोय माझ्यापासून?"

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

ताटं बाजूला सारून रूफसनं डॉमिनोचा डाव मांडला. रूफस म्हणजे अट्टल लबाड! क्लीव्हन दोन वर्षं मुकाट हरत आलेला. त्या दिवशी मात्र त्याचं डोकं फिरलं. ताडकन उठून त्यानं दोन्ही हात पार डोक्यावर नेले आणि तो हातांनीच ओरडला.

"रुमालाखाली सोंगटी लपवलीत! मी बघितली! दर रविवारी लपवता!"

हात खाली आले ते ग्रेव्हीच्या वाडग्यावर. वाडगा उडाला तो थेट रूफसच्या मांडीत.

व्हर्लीननं कपाळावर हात मारला. झालं, मोडलं लग्न!

ओझेला टेबलावर थापा मारत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटली.

"अगं, बोलता येतं की याला!"

आणि तिनं दोन्ही हातांनी हवेतच एक वाडगा उडवला. मग परत एकदा, सावकाश, क्लीव्हनकडे बघत.

"काय म्हणतायत? हाकलतायत का मला?" क्लीव्हननं घाबरून विचारलं.

"गप रे. नाव दिलंय तुला." व्हर्लीनला रडू आवरेना.

ओझेलानं नवऱ्याची बाही ओढली, क्लीव्हनला त्याच्यासमोर उभं केलं आणि रीतसर ओळख करून दिली. आधी ते नाव, मग, "आपला जावई."

रूफस उठला. ग्रेव्हीचे हात त्यानं शर्टाला पुसले आणि दोन वर्षं समोर बसून जेवणाऱ्या त्या पोराचा हात, आजच पहिल्यांदा भेटल्यासारखा, दोन्ही हातांत घेतला.