पिवळ्याच्या काचेपाशी दोघी

काचेच्या टाक्या घरात ठेवल्या की किस्से शेवाळासारखे धरतात. खरवडले तरी परत येतात. मी पेणचा, सातवी नापास. माझा दोस्त परशा रोह्याचा, धाटावच्या कंपनीत शिफ्टला. दोघांकडे एपिस्टो. अमेझॉनकडचा बोटाएवढा मासा. एका ओढ्यातला नर पिवळा, दुसऱ्यातला निळा. माद्या मात्र दोन्हीकडच्या सारख्याच मळकट. त्यांची सरमिसळ होऊ द्यायची नाय, एवढाच आमचा धर्म.

*

वडखळचा मासेवाला म्हणाला, "काका, दोन्ही मिसळा. नवा रंग निघंल, गिऱ्हाईक तुटून पडंल."

मी विचारलं, "तुझा बाप राता आन् कोलम, दोन्ही भातांचं बियाणं एकाच कणगीत ठेवायचा काय रं?"

त्यानं दोन वेगळ्या पिशव्या काढल्या. शेवटी शेतकऱ्याचाच पोरगा!

*

जात दोन घरांत असावी. एकीकडं मेली तर दुसरीकडं जगते. म्हणून भर थंडीत पिवळ्यांची जोडी पिशवीत भरली, ऊब राहावी म्हणून शर्टाच्या आत धरली आणि एसटीनं रोह्याला निघालो. कंडक्टर माझ्या पोटाकडं बघून म्हणाला, "आजोबा, ऑपरेशन झालंय काय?"

"नाय. बाळंतपण व्हायचंय."

त्यानं स्वतःची सीट दिली!

*

पुढं मीच माती खाल्ली. नळाचं पाणी न मुरवता, क्लोरीनसकट टाकीत ओतलं. माझ्या पिवळ्या माद्या गेल्या, एक नर तेवढा वाचला. त्या जोडीची पिल्लं वाढली होती म्हणून परशाकडं धावलो, तर त्या शहाण्यानं टाक्या धुवायला काढलेल्या आणि दोन्हीकडच्या माद्या एकाच बालदीत! सहा माद्या. पिवळ्याची कुठली, निळ्याची कुठली, कोण सांगणार? फोनवरचे जाणकार म्हणाले, सगळ्या टाकून द्या, जात संपली.

बालदी घेऊन घरी आलो. बायको खाडीकडची. तिनं माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाली, "आमच्यात लगीन ठरवताना पोरीला कोण इचारत नव्हता. तुम्ही तरी ह्यांना इचारा, आपला नर त्या वळखतील."

मग लांब टाकीत दोन काचा उभ्या केल्या. एका टोकाला पिवळा, दुसऱ्या टोकाला परशाकडनं आणलेला निळा, मधे सहाजणी. तिसऱ्या दिवशी चौघी निळ्याकडं. दोघी पिवळ्याच्या काचेला अशा चिकटल्या की खायला टाकलं तरी हलेनात!

त्याच दोघी पिवळ्याला दिल्या. करवंटीत अंडी पडली, पिल्लं झाली. चार महिन्यांनी नर रंगले. सगळे पिवळे! एकसुद्धा भेसळ नाय! परशा शिफ्ट बुडवून बघायला आला.

त्या खुशीत मी बायकोला विचारलं, "काय गो, तुला इचारला असता तर तू कुठल्या काचेला गेली असतीस?"

तिनं तांदूळ निवडता निवडता वर न बघता सांगितलं, "आधी पाणी मुरवायला शिका."