दसऱ्याच्या पूजेतला प्रोब

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. ओतूरला एसटी स्टँडजवळ माझं इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरचं दुकान आहे. ज्या बिघाडाचं कारण सापडत नाही त्याला मी 'लूज कॉन्टॅक्ट' म्हणतो आणि जेवायला जातो.

काका मंचरला हेच काम करायचे, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. ते गेल्यावर काकूने त्यांचा ऑसिलोस्कोपचा जुना प्रोब माझ्या दुकानात आणून खिळ्याला टांगला. प्रोब म्हणजे टोकाला हुक असलेली वायर... सर्किटला टेकवली की आतला सिग्नल स्क्रीनवर लाटेसारखा दिसतो. दर दसऱ्याला काकू येते, त्याला हळदकुंकू लावते. एरवी त्याला कुणी हात लावत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी राजुरीचा सुभाष आईचं ऑक्सिजनचं मशीन घेऊन आला.

"भाऊ, बंद पडलंय. कंपनीचा माणूस परवा यील म्हणतो. सिलिंडर सांजपोतर पुरल, पुढं आईचं काय करू?"

असली मशीनं मी घेत नाही. पण त्याचं तोंड बघून नाही म्हणवेना. नेमका माझ्या नव्या प्रोबचा हुक सकाळीच तुटलेला! चडफडत काकांचा खाली काढला. काका कामाआधी प्रोब स्कोपच्याच टेस्ट पिनला लावून बघायचे — "आधी प्रोबला विचार, मंग सर्किटला." तसा लावला. स्क्रीनवर चौकोनी लाट, कोपरे अगदी स्वच्छ, म्हणजे प्रोब ठणठणीत. मग मशीनच्या बोर्डावर टेकवला, तर आतला वीजपुरवठा थरथरत होता. कपॅसिटर बदलला आणि मशीन सुरू झालं. सुभाष रडायलाच लागला.

संध्याकाळी कौतुकाने काकूला फोन केला. काकांच्या प्रोबने मशीन दुरुस्त झाल्याचं सांगितलं, तर ती म्हणाली,

"कसं व्हईल? त्यातली तार कवाच तुटली व्हती. म्हणून तर त्यांनी त्यो पूजेला काढला. चालता प्रोब त्यांनी नुसता पूजेला ठिवला असता का रं?"

सकाळी दुकान उघडताच प्रोबला मीटर लावला. तार तुटलेलीच. वाकवली, ओढली, पिरगळली... मीटर ढिम्म. स्कोपवर नुसती सरळ रेघ.

मित्र म्हणतो, लूज कॉन्टॅक्ट असेल राव. असेल बाबा, माझंच औषध मला. पण तो कॉन्टॅक्ट पुन्हा एकदाही जुळलेला नाही, आणि कारण मला अजून सापडलेलं नाही.

परवा सुभाषच्या आईचा फोन आला. दम घेत घेत म्हणाली, "पोरा, माझं मशीन तूच नीट केलंस व्हय?"

"नाय आजी, काकांनी केलं." माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"मंग सांग त्यास्नी, म्हातारी बरी हाय म्हणून."

फोन ठेवला, खिळ्याकडे बघितलं आणि सांगितलं.