बाबांचं एकच ढिलं काम

ठाण्याला वागळे इस्टेटीतला बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी अकरावीत होते. टाळं लागल्यावरही पहिले काही महिने बाबा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन उभे राहायचे. पुढे गेटवर जमणारी माणसं कमी होत गेली. एक दिवस बाबांनी डबा घासून फळीवर पालथा ठेवला तो तिथेच राहिला. आम्ही डोंबिवलीजवळ कोपरला चाळीत राहायचो; आई तिथेच चार घरी पोळ्या लाटायला जायला लागली. घरात डाळ आधी पातळ झाली, मग एकाच वेळेला होऊ लागली. दुपारी मी कॉलेजातून यायचे तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. झोपलेले नसायचे.

बाबा टर्नर होते. शिक्षण चौथी. पण लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या मशीनवर, उतरवलेल्या कामाला नुसतं बोट लावून ते कुठे फुगवटा राहिलाय ते सांगायचे. त्यांच्याकडे स्वतःचा मायक्रोमीटर होता आणि रिकामपणी ते घरातलं काहीही मोजत बसायचे. ताटाची कड, माझ्या वहीचा पुठ्ठा. एकदा पोळी मोजली.

"मोजून फुगणार आहे का ती?" आई म्हणाली.

"कडेला जाड आहे," बाबा म्हणाले, अगदी गंभीरपणे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला स्वतः काहीतरी बनवून दाखवायचं होतं. वर्गातली बाकीची मुलं रेडिओ जुळवत होती. मला लायब्ररीतल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात गरम हवेच्या इंजिनाचं चित्र सापडलं. त्याला वाफ लागत नाही, पेट्रोल लागत नाही. कोंडलेली हवा एका टोकाला तापते, दुसऱ्या टोकाला निवते, आणि तिच्या फुगण्या-आक्रसण्यावर चाक फिरतं. खरं सांगायचं तर त्या हवेचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. त्यात लेथचं काम होतं, म्हणून मी ते निवडलं. मला बाबांना परत मशीनपुढे उभं करायचं होतं.

बाबांच्या बरोबर कामाला असलेल्या एका काकांनी डोंबिवली एमआयडीसीत गाळा भाड्याने घेऊन एक जुनं लेथ टाकलेलं. शुक्रवारी त्यांच्याकडे सुट्टी. तेव्हा या म्हणाले.

"काय गं इंजिनेरीणबाई, कशावर चालणार तुझं इंजिन?"

"हवेवर, काका."

"मग त्यात नवीन काय? तुझा बाप चार वर्षं हवेवरच चालतोय."

बाबांनी त्यांना एक शिवी घातली आणि लेथ चालू केलं. मी त्यांना शिवी देताना किती दिवसांनी ऐकत होते!

पहिल्यांदा पितळेचा पिस्टन झाला. सिलिंडरचं खालचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं की पिस्टन वर हवेवरच अडून राहायचा, आणि अंगठा काढला की सुळकन खाली यायचा. बाबांनी तो खेळ सात-आठ वेळा केला. काकांनी एकदा स्वतः करून बघितला आणि म्हणाले, "हात आहे तसाच आहे रे तुझा. शुक्रवारचं कशाला, रोज ये ना. मलाही माणूस पाहिजेच आहे."

"पोरीचं हे होऊ दे, मग बघू," बाबा म्हणाले. पण घरी येताना कोपरच्या बाजारात थांबून त्यांनी मला आणि आईला वडे घेतले. मी मनात धरूनच चालले की इंजिन झालं की बाबा गाळ्यावर जाणार.

इंजिनात आणखी एक भाग असतो, लांबट पोकळ डबा. तो मोठ्या नळीत मागेपुढे होतो आणि हवेला गरम टोकाकडून थंड टोकाकडे ढकलतो. मी बाबांना नळीचं माप दिलं. डब्याचं दिलं नाही, कारण पुस्तकाचं ते पान मी नीट वाचलंच नव्हतं. बाबांनी अॅल्युमिनियमचा डबा कोरून काढला आणि पिस्टनसारखाच नळीत चपखल बसवला.

इंजिन चाललं नाही. चाळीच्या गॅलरीत मी नळीखाली स्पिरिटचा दिवा लावायचे, चाकाला बोटाने धक्का द्यायचे. दोन फेरे घेऊन चाक थांबायचं. बाबांना वाटलं कुठूनतरी हवा निसटतेय. दर शुक्रवारी ते डबा आणखी नीट बसवून आणायचे आणि दर वेळी चाक आधीपेक्षा लवकर थांबायचं. शेजारच्या काकू दिव्याकडे बघून विचारायच्या, "झाला का चहा?"

कॉलेजात इंजिन दाखवायला आठ दिवस राहिले तेव्हा मी परत लायब्ररीत जाऊन ते पान वाचलं. डब्याच्या चारी बाजूंनी मोकळी जागा हवी होती. हवा तिथूनच इकडून तिकडे जाणार. इतकी साधी गोष्ट. घरी येऊन मी चपलाही न काढता सांगितलं, "बाबा, डबा ढिला हवा. कडेने दीड मिलिमीटर जागा."

"दीड मिलिमीटर? पोरी, त्याला जागा नाही म्हणत, भगदाड म्हणतात."

"पुस्तकात दिलंय."

"मग पुस्तकवाल्याकडून करून घे. एवढ्या वर्षांत माझा एक जॉब परत आलेला नाही. ढिलं काम मी कोणाला देत नाही."

मी घाबरलेले होते. त्यांना हवेची वाट समजावून सांगायला दोन मिनिटंही लागली नसती. त्याऐवजी मी म्हणाले, "तुम्ही चौथी शिकलात बाबा. हे तुमच्या डोक्याबाहेरचं आहे."

"अगं!" आई आतून ओरडली.

बाबांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मग म्हणाले, "बरं. किती पाहिजे ते लिहून द्या." मला ते कधी अहो-जाहो करत नसत. कारखान्यात साहेब चिठ्ठी द्यायचे तशी मी चिठ्ठी लिहिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली.

त्या शुक्रवारी ते एकटेच गेले. संध्याकाळी नवा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. मी तो बसवला, दिवा लावला, चाकाला बोट लावलं. चाक फिरलं आणि फिरतच राहिलं. चाळ गोळा झाली. आईने पदर तोंडाला लावला. बाबा दारात येऊन बघून गेले.

"चालतंय ना? मग झालं."

काकांच्या गाळ्यावर ते परत गेले नाहीत. काका दोनदा घरी बोलवायला आले, तर म्हणाले, "आता नजर राहिली नाही." पुढच्या महिन्यात त्यांनी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगवर वॉचमनची नोकरी धरली. मरेपर्यंत तीच केली.

मी कॉलेजात शिकवायला लागल्यावर एकदा त्यांचा जेवणाचा डबा घेऊन टिटवाळ्याला गेले होते. वाळूच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. कित्येक वर्षं मनात घोळवलेलं मी बोलून टाकलं, "बाबा, तुमचा पिस्टन तेवढा घट्ट होता म्हणून ते इंजिन चाललं. डबा ढिला आणि पिस्टन घट्ट, दोन्ही पाहिजे होतं."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "तो ढिला डबा नळीत टाकून बघितला तेव्हाच कळलं, हवा बाजूने जाणार म्हणून. तू कारण सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी करून दिला असता. तू चौथी सांगितलीस."

मग त्यांनी डबा उघडला आणि भाजी कसली आहे ते विचारलं. मी सांगितलं, गवार.

त्या वर्षी मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कुणालाही मान ताठ ठेवून सांगते. परीक्षकांपुढे इंजिन अकरा मिनिटं, दिव्यातलं स्पिरिट संपेपर्यंत चाललं. त्यातला लेथवरचा प्रत्येक भाग माझ्या बाबांनी केलेला होता.