त्याच्याच कॉम्प्युटरवर उघडणारी गाणी

२०२३ साल, मी त्र्याहत्तर वर्षांचा. चौक गावच्या नाक्यावर एक टायपिंगवाला बसतो, त्याचं नाव मी घेत नाही. टाइप करण्याआधी एकेक बोट पुसतो आणि गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून स्क्रीन भिंतीकडे वळवतो. एवढी ऐट, आणि करतो काय, तर दुसऱ्याने लिहिलेलं बडवतो.

माझ्या बहिणीची जात्यावरची गाणी मी चौथी शिकलेल्या हाताने वहीत उतरवली होती. याने ती टाइप करून पेनड्राइव्हवर दिली आणि म्हणाला, "आता वही जपायची गरज नाय." मी ऐकलं, तो माझा मूर्खपणा. वही वाळवीने खाल्ली, पुढे बहीणही गेली. तिच्या आठवणीसाठीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटायला गाणी छापावी म्हणून खोपोलीच्या छापखान्यात पेनड्राइव्ह लावला, तर अक्षरांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं.

तसाच त्याच्याकडे गेलो. त्याचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडलेला, वर रुमाल झाकलेला.

"काका, माझा खास फॉन्ट होता तो. कॉम्प्युटरबरोबर गेला. दुसऱ्याकडं उघडायचाच नाय, म्हंजे चोरीची भीती नाय."

"गाणी तिची नि कुलूप तुझं होय रं?"

तो हसला आणि बोटं पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला समोर बसवलं आणि आठवतील तेवढी गाणी म्हटली. निम्मीच आठवली. कुठल्याही मोबाइलवर उघडतील अशा साध्या युनिकोडमध्ये तिने ती टाइप करून घेतली. पहिलं गाणं मी त्यालाच पाठवलं आणि खाली विचारलं, "उघडतंय का रं?"