पंधरा दिवसांसाठी बासमती

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी गुडगावच्या एका नव्या सेक्टरमध्ये, चौथ्या मजल्यावर एकटा राहत होतो. नोकरी दिल्लीतल्या एका वर्तमानपत्रात, डेस्कवर. बायको पुण्याला कॉलेजात शिकवत होती. इमारतीतले निम्मे फ्लॅट रिकामे होते. सकाळी मानेसरच्या कारखान्यांच्या बसगाड्या जायच्या. त्यानंतर रस्त्यावर फारसं कोणी नसायचं.

स्वयंपाक मी तिथे शिकलो. जवळच एक मोठं नवं दुकान उघडलं होतं. टोपली घेऊन फिरायचं, हवं ते उचलायचं आणि कोणाशी एक शब्दही न बोलता बाहेर पडायचं. एकाच डाळीची चार पाकिटं, चार किमती. कोणत्या जिनसाला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे, हे मी बातमी तपासावी तसं तपासू लागलो. मीठ, साखर, रवा यांत फरक नव्हता. चहात होता. महागाची तूरडाळ लवकर शिजायची आणि वरणाला चव यायची. मोठे शेंगदाणे नुसते दिसायला. कुटाला बारीकच बरे. रविवारी दोन छोट्या पातेल्यांत दोन डाळी शिजवून मी आळीपाळीने खात असे. वेळ भरपूर होता. कसं झालंय, हे विचारायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

तांदळावर मात्र मी पैसे घालत नसे. एकट्याला तुकडा तांदूळ चालायचा.

दिवाळीच्या सुटीत बायको पंधरा दिवसांसाठी येणार होती. घर बघायचं आणि मग वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज करायचा की नाही ते ठरवायचं, असं तिने फोनवर सांगितलं होतं. अर्ज केला तर ती इथे राहायला येणार होती. मला ती यायला हवी होती. फोनवर मी तसं म्हणालो नाही. "बघ, तुझ्या सोयीने," म्हणालो.

तांदळासाठी मी जुन्या बाजारातल्या एका लालाकडे गेलो.

"मेहमान आ रहे हैं?" त्याने विचारलं.

"हाँ." सगळं सांगत बसायचं नव्हतं.

"फिर ये लीजिए बाबूजी, दो साल पुराना. एक-एक दाना अलग रहेगा. घरवालों के लिए तो टुकड़ा ही ठीक है."

मी पाच किलो घेतला.

ती आली त्या दिवशी तिनेच कुकर लावला. भात लांब, सुटा, पांढराशुभ्र. वरण त्यावर थांबेना. दाण्यांतून ओघळून ताटभर पसरलं. कालवलेला घास हातात जमेना.

"अहो, हे काय आणलंत? वरणभाताला बासमती?"

"चांगला आहे. दोन वर्षं जुना."

"मग लग्नाची पंगतच बसवायची होतीत की!" ती हसली. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी खालच्या कपाटात रवा शोधताना तिला दुसरा डबा सापडला.

"हा तुकडा कुणाचा?"

"माझा. रोजचा."

"आणि माझा वेगळा?"

"तू येणार म्हणून आणला."

"हो ना. पाहुण्यांसाठी काढून ठेवतात तसा."

आवाजात राग नव्हता. त्या संध्याकाळपासून तिने तुकडाच शिजवला. तो वरणात छान कालवला जायचा. उरलेले दिवस आम्ही तोच खाल्ला. अर्जाचा विषय तिने काढला नाही. बातमीत एक उत्तर कमी पडलं तरी वार्ताहराला पुन्हा फोन लावणारा मी. घरात तो एक प्रश्न मला विचारता आला नाही.

तिला निजामुद्दीन स्टेशनवर सोडून परतलो तेव्हा ओट्यावर तिच्या अक्षरातला एक कागद होता. काय महागाचं घ्यायचं, काय नाही, याची महिन्याची यादी. तूरडाळ महागाचीच, अर्धा किलो. पोहे जाड, पाव किलो. शेंगदाणे बारीक, पाव किलो. तूप चांगलं, लहान बाटली. तांदूळ तुकडाच, दोन किलो. शेवटी लिहिलं होतं, बासमतीत कडुनिंबाचा पाला घाला, नाहीतर कीड लागेल.

सवयीप्रमाणे मी कागद दोनदा वाचला. सगळी मापं एका माणसाची होती.

दुसऱ्या दिवशी पोचल्याचा तिचा फोन आला. गाडी वेळेवर होती का, एवढंच मी विचारलं.