मशीन जात बघत नाही

"ए, बॅग खाली ठेव. हात दिसू देत."

आम्ही चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडत होतो. माझ्या आयला नवा चष्मा लागला होता. वाचता येत नाही, तरी ती रस्त्यावरच्या पाट्या बघून हसत होती. तेवढ्यात पोलीस आले, एक शिपाई आणि एक बाई. बाईनं माझा दंड धरला. भर बाजारात. दुकानदार आत सरकला. मघाशी तोच मला मॅडम म्हणत होता.

मी व्हाइटफील्डच्या एका दवाखान्यात रक्त तपासणीचं काम करते. कुणाच्या दंडाला पट्टा बांधायचा तर आधी विचारते. ही बाई विचारत नव्हती.

आम्ही पारधी. निपाणीकडचे. इंग्रजांनी कायदा करून आमची जमातच गुन्हेगार ठरवली होती. माझ्या आज्याला रोज चौकीत हजेरी द्यावी लागायची. पुढं कायदा गेला, हजेरी गेली. मी शिकले, बेंगळुरूत आले. इथं मला कुणी ओळखत नाही, हेच मला या शहराचं आवडायचं.

चौकीत नेलं. आय आत शिरली, चपला काढल्या आणि थेट फरशीवर बसली. कुणी सांगितलं नव्हतं. बाकडं रिकामं होतं.

"आय, वर बस."

ती हलली नाही. हळू म्हणाली, "तू गप. हितं आवाज वाढवायचा नसतो."

चौकीत कसं वागायचं ते तिला ठाऊक होतं. दंड धरला त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

साहेब तरुण होते. बेळगावकडचे असावेत, मराठी बोलत होते. शिवी नाही, आरडाओरडा नाही. स्क्रीन माझ्याकडं फिरवली. एका बाजूला मी, बाजारातल्या कॅमेऱ्यानं नुकतीच टिपलेली. दुसऱ्या बाजूला जुना फोटो, छातीशी पाटी धरलेली एक बाई. दोन्ही चेहऱ्यांभोवती हिरवी चौकट.

"सरकारनं नवीन यंत्रणा बसवलीय. चेहरा जुळतो. दागिने चोरीची केस आहे."

मी ओळखपत्र दाखवलं. नाव वेगळं. म्हटलं, "सर, हा फोटो किती जुना आहे बघा. तेव्हा माझा जन्म तरी झाला होता का?"

"ते बघू. जात कुठली?"

"जातीचा काय संबंध?"

"मशीन जात बघत नाही, मॅडम. मी विचारतोय."

तेवढ्यात आय बोलली. ती उठून स्क्रीनजवळ आली होती. नव्या चष्म्यातून तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"अगं, ही तर आपली शेवंती!"

शेवंती माझी मावशी. तिला पोलिसांनी जत्रेतून उचललं होतं. गुन्हा शाबीत झाला नाही, फोटो तेवढा राहिला. मावशी मेली तरी राहिला. माझं नाक, माझी हनुवटी मावशीवर गेलीय. घरात हे कौतुकानं सांगायचे.

साहेब हसले. "बघा. मशीन चुकलं नाही. घराणं बरोबर पकडलं."

पोलीसबाईनं माझी बॅग टेबलावर उपडी केली. डबा, छत्री, पॅड, आयच्या गोळ्या. सगळ्यांसमोर. काही मिळालं नाही.

मग साहेबांनी उपाय सांगितला. "दोघींचे सगळ्या बाजूंनी फोटो देऊन जा. बोटांचे ठसेपण. म्हणजे तुम्ही वेगळ्या आहात हे मशीनला कळेल. परत त्रास नाही. तुमच्याच भल्याचं सांगतो."

आय लगेच भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. पदर मागं सारला. हनुवटी वर केली. समोर बघितलं, मग आपणहून उजवीकडं वळली. माझ्या आयला सही येत नाही. हे येत होतं.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. कॅमेऱ्याकडं पाठ करून.

"नाही."

"काय नाही?"

"हिचा फोटो काढायचा नाही. माझाही नाही. अटक करायची तर करा. कशासाठी, ते लिहून द्या."

आय माझा हात ओढायला लागली. "दिऊन टाक गं. फोटोच तर हाय. जाऊ घरी." ती रडत होती. मी हात सोडवून घेतला नाही. हललेही नाही.

अंधार पडेपर्यंत बसवून ठेवलं. मग म्हणाले, जा.

तक्रार केली. चौकी म्हणते, यंत्रणा वरून आली. वरचे म्हणतात, जुळणी कंपनी बघते. कंपनी म्हणते, फोटो सरकारचे, आम्ही फक्त सॉफ्टवेअर दिलं. मेलेल्या मावशीचा फोटो तरी काढून टाका म्हटलं, तर तशी सोयच नाही.

बाजारातला व्हिडिओ कुणीतरी काढला होता. तो दवाखान्यात पोचला. तपासणीला येणाऱ्या बायका बांगड्या, घड्याळ काढून ठेवतात ना, म्हणून आता मला पेशंटसमोर बसवत नाहीत. मागच्या खोलीत नळ्या धुते.

आय गावी गेली. शहरात परत येणार नाही म्हणते. फोनवर विचारते, "तोंड बांधून फिरतीस न्हवं?"

नाही फिरत. त्याच बाजारात भाजी घेते, उघड्या तोंडानं. पुन्हा एकदा अडवलं. पुढंही अडवतील. कोर्टात अर्ज टाकलाय. वकीलबाई स्वतःच म्हणतात, फार आशा ठेवू नका. ठेवलेली नाही. माझ्या हयातीत हे थांबेल असं मला वाटत नाही.

पण मला धरणाऱ्या माणसाला दर वेळी स्वतःचं नाव लिहून खाली सही करावी लागेल. स्क्रीन दाखवून भागणार नाही. ती सही मिळेपर्यंत मी जागची हलणार नाही. आणि माझ्या माणसांतला आणखी एकही चेहरा मी त्यांना देणार नाही.