कुसुमबाईंचे निळे थेंब

कुसुमबाई गेल्याचं त्यांच्या भाचीने पालघरहून फोनवर कळवलं, तेव्हा रडण्याआधी मला हसू आलं... अंड्यांचे ट्रे आठवले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बोईसरच्या एका लहान औषध कारखान्यात बाई प्रयोगशाळा सांभाळायच्या, मी काचसामान धुवायचे. औषध अंगभर पसरू देण्यापेक्षा चरबीच्या बारीक थेंबांत भरून थेट पेशीच्या आत पोचवायचं, हा त्यांचा ध्यास. ती चरबी त्या अंड्याच्या बलकातून काढत आणि उरलेल्या पांढऱ्याचं आम्लेट आम्हा सगळ्यांना मिळे. "औषधाचा कारखाना आहे की आम्लेटची गाडी?" मालक विचारायचे. शेवटी ते म्हणाले, शनिवारपर्यंत काही दाखवा, नाहीतर ही खोली पॅकिंगला जाईल.

बाईंनी थेंबांत औषधाऐवजी निळा रंग भरला. जिवंत पेशी तो रंग सहसा आत घेत नाही, मेलेली लगेच निळी होते. पेशी म्हणून तळ्याच्या पाण्यातला अमीबा घेतला, एकाच पेशीचा जीव. तीन दिवस थेंब बाहेरच फुटत राहिले. शुक्रवारी एक अमीबा निळा दिसला. "मेलेला दिसतोय," बाई थकून म्हणाल्या आणि मला काच धुवायला सांगून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. काच काढण्याआधी मी सहज सूक्ष्मदर्शकातून पाहिलं... आणि पाहतच राहिले.

"बाई, ह्यो मेला नाय. चालतो हाय."

त्या धावत आल्या. अमीबाच्या पोटात निळे ठिपके होते आणि तो आरामात सरकत होता. बाईंनी माझे ओले हात हातात घेतले आणि लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. शनिवारी मालकांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं, मग हळूच विचारलं, "अंडी अजून किती लागतील?"

सोमवारपासून मी बाईंची मदतनीस झाले. आमचे थेंब त्या खोलीपलीकडे गेले नाहीत. पुढे दुसऱ्या कोणाचं तसलं औषध बाजारात आलं, तेव्हा बाईंनी पेढे वाटले. "पोचलं ना आत? मग झालं."

परवा पालघरला त्यांच्या राहत्या खोलीत गेले. खिडकीपाशी टेबल, त्यावर जुना सूक्ष्मदर्शक, समोर दोन स्टुलं. "आत्या एकटी राहायची, तरी दुसरं स्टूल कधी हलवू दिलं नाही," भाची म्हणाली. "म्हणायची, पाहताना शेजारी कुणीतरी हवं."

मी त्यावर बसले. उंची अगदी माझ्या मापाची होती.